किती दिवसांचं धान्य उरलंय?

युद्धाच्या पुस्तकात मला सगळ्यात आधी ऐकायचं असतं ते धान्याचं. सेनापती कोण, त्याचा घोडा कुठला, तलवार कशी, हे नंतर. छावणीत माणसं किती, जनावरं किती, त्यांना रोज काय लागतं आणि ते कुठल्या वाटेनं येतं, हे सांगणारं पुस्तक मी शेवटपर्यंत ऐकते. जे हे सांगत नाही ते बहुतेक वेळा अर्ध्यावर सुटतं.

ही आवड कामातून आली. चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी स्टोअर्स आणि मटेरियल प्लॅनिंग बघते. आमची सकाळची पहिली मीटिंग शॉर्टेजची. पार्ट नंबर बदलतात, सप्लायर बदलतात, प्रश्न एकच असतो: किती दिवसांचा स्टॉक आहे? कधी उत्तर दिवसांत देता येतं, कधी तासांत. ‘गाडी खंडाळ्यात अडकलीय’ असं ट्रान्सपोर्टरनं फोनवर सांगितलं की शिफ्टचा सुपरवायझर, खरेदीचा माणूस, डिस्पॅचची पोरं, सगळ्यांचे चेहरे एकदम बदलतात. एका बोल्टसाठी अख्खी लाइन बंद पडते, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. आम्हाला ते पाठ असतं.

राहायला चिंचवडला. कंपनीची बस भोसरी, मोशी, इंद्रायणीचा पूल, चिंबळी फाटा, कुरुळी करत चाकणच्या चौकात येते. अंतर फार नाही, पण लागणारा वेळ अंतरावर ठरत नाही. पुढं कंटेनर किती उभे आहेत यावर ठरतो. तो सगळा वेळ मी कानात युद्ध घालून बसते. शॉपफ्लोअरवर इअरफोनला बंदी आहे आणि ती योग्यच आहे, फोर्कलिफ्टचा हॉर्न ऐकू आलाच पाहिजे. त्यामुळे माझं सगळं ऐकणं रस्त्यावरचं. मराठीत ऑडिओबुक हा प्रकार २०१७ नंतर खऱ्या अर्थानं हातात आला, स्टोरीटेल भारतात आलं तेव्हापासून. त्याआधी मी इंग्रजीतली ऐकायची. मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाला इंग्रजी पुस्तक डोळ्यांपेक्षा कानानं लवकर पचतं, हा माझा अनुभव. अडलेल्या शब्दापाशी आवाज थांबत नाही, तो पुढं नेतो.

इतकी वर्षं ऐकून माझं एक मत पक्कं झालं आहे. लढाई ऐकून कळत नाही. वेढा ऐकून कळतो.

लढाईला नकाशा लागतो. डावी बगल कुठली, नदी कुठल्या अंगाला, टेकडी कुणाच्या ताब्यात, हे डोळ्यांसमोर नसेल तर कानावर नुसत्या तुकड्यांची नावं आणि आकडे पडत राहतात. एवढ्या नंबरची ब्रिगेड तेवढ्या नंबरच्या ब्रिगेडच्या उजवीकडून गेली, असं चार वेळा ऐकलं की खिडकीबाहेर लक्ष जातं. छापील पुस्तकात अशा जागी आपण मागं जाऊन नकाशा उघडतो. बसमध्ये ते होत नाही. म्हणून नवीन पुस्तक सुरू करण्याआधी मी जुन्या डिस्पॅच प्लॅनच्या पाठकोऱ्या कागदावर नकाशा काढते. नदी, दोन शहरं, रस्ता, एवढंच. तो घडी घालून पर्समध्ये राहतो. ज्यांना ही पुस्तकं ऐकायची आहेत त्यांनी हे जरूर करून बघावं.

वेढ्याचं मात्र वेगळं आहे. वेढ्यात जागा बदलत नाही, वेळ सरकतो. आणि ऐकणं म्हणजे वेळच. वाचणाऱ्याला दोन महिन्यांची उपासमार पानं उलटून ओलांडता येते. ऐकणाऱ्याला ती तासातासानं सोसावी लागते. आज किती दाणा उरला, उद्या किती, कुठल्या जनावराला आधी मारलं, पाणी कुठून आणलं. वाचताना जिथं डोळा घसरतो तिथंच ऐकताना कान धरून ठेवला जातो.

अँटनी बीव्हर यांचं १९९८ सालचं ‘स्टालिनग्राड’ मी या कारणासाठी पुन्हा पुन्हा ऐकलं आहे. २३ नोव्हेंबर १९४२ ला जर्मनांच्या सहाव्या सैन्याभोवतीचा फास आवळला गेला आणि आत अडीच लाखांहून जास्त माणसं अडकली. जर्मन हवाईदलाचा प्रमुख गोअरिंग यानं शब्द दिला की रोज पाचशे टन माल विमानानं पोचवू. प्रत्यक्षात सरासरी शंभर-सव्वाशे टनांच्या आसपास पोचत राहिला. माझ्यासारख्या बाईला या दोन आकड्यांत पुढचं सगळं दिसतं. शब्द दिलेला माल आणि गेटवर उतरलेला माल यांतली ही तफावत आहे. आमच्याकडं ती निघाली तर लाइन थांबते, तिथं माणसं मेली. त्या पुस्तकातला एक प्रसंग मी कुणालाही सांगते. धडधाकट शिपाई गोळी न लागता, आजार न दिसता मरू लागले, तेव्हा कारण शोधायला एका शवचिकित्सकाला विमानानं आत नेलं गेलं. गोठलेली प्रेतं आगीच्या उबेनं सैल करून तो फाडायचा. त्यांतल्या कितीतरी जणांत त्याला भूक सापडली. कारण वरच्यांना मान्य करायचं नव्हतं, पण त्यानं ते शोधलं. ज्यांनी कधी रिजेक्शनचं मूळ कारण शोधलं आहे आणि ते वरच्यांना ऐकवलं आहे, त्यांना या माणसाचं धैर्य कळेल.

कॉर्नेलियस रायन यांचं ‘अ ब्रिज टू फार’ हे १९७४ सालचं पुस्तकही असंच. सप्टेंबर १९४४ मध्ये हॉलंडमधले पूल छत्रीधारी सैनिकांनी आधी धरायचे आणि मागून रणगाड्यांचं दळ सुमारे शंभर किलोमीटर एकाच रस्त्यानं आर्नेमपर्यंत न्यायचं, असा दोस्त राष्ट्रांचा बेत होता. एकच रस्ता, दोन्ही बाजूंना ओलसर जमीन, एक वाहन पेटलं की मागची सगळी रांग उभी. आर्नेमच्या बाजूला दहा हजारांच्या आसपास माणसं उतरली होती, त्यांतली दोन-अडीच हजार नदी ओलांडून परत आली. ब्रिटिश अधिकारी जॉन फ्रॉस्टची तुकडी आर्नेमच्या पुलाच्या टोकाशी ज्या रस्त्याची वाट बघत होती, तो रस्ता वेळेत आलाच नाही. चाकणच्या तळेगाव चौकात हालचाल बंद झालेल्या बसमध्ये हे ऐकताना त्या बेतातली चूक समजून घ्यायला नकाशा लागत नाही.

पण माझं सगळ्यात आवडतं पुस्तक फील्ड मार्शल स्लिम यांचं, १९५६ सालचं ‘डिफीट इन्टू व्हिक्टरी’. स्लिम ब्रह्मदेशच्या आघाडीवर चौदाव्या सैन्याचे प्रमुख होते. युरोपातल्या आघाड्यांच्या मानानं त्यांच्या वाट्याला सगळं उशिरा आणि कमी यायचं. विमानातून माल टाकायला रेशमी छत्र्या मिळेनात, तेव्हा त्यांच्या लोकांनी कलकत्त्याच्या ताग गिरण्यांकडून तागाच्या छत्र्या करून घेतल्या. चिंदविन नदीवर कलेवा इथं जंगलातलं लाकूड तोडून होड्या बांधल्या आणि पुढची रसद पाण्यातून नेली. हे सगळं ते इतक्या साधेपणानं सांगतात की ऐकताना माणूस सरळ होऊन बसतो. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९४३ मध्ये त्यांच्याकडं जखमी होऊन मागं पाठवलेल्या एका माणसामागं आजारी पडून मागं गेलेली एकशे वीस माणसं होती. मलेरिया, जुलाब, त्वचेचे रोग. स्लिमनी मेपाक्रिनच्या गोळ्या सक्तीच्या केल्या, अचानक तपासण्या लावल्या आणि ज्या पलटणीत गोळी घेतलेल्यांचं प्रमाण ठरल्यापेक्षा खाली आलं तिचा अधिकारी घरी पाठवला. तिघांना काढल्यावर बाकीच्यांना समजलं. शत्रूवर धावून जाण्याचं एकही वर्णन मला या गोळ्यांच्या हिशेबाइतकं लष्करी वाटलेलं नाही.

या आघाडीवर आपली माणसं होती. मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या डोंगरात सांगशाकला जपान्यांना काही दिवस अडवून धरणाऱ्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती. तिथंही पाणी नव्हतं आणि विमानातून टाकलेला माल बराचसा शत्रूच्या बाजूला पडत होता. महाराष्ट्रातल्या किती घरांत सांगशाक हे नाव माहीत आहे?

आता आवाजाबद्दल, कारण ऑडिओबुकचा निम्मा जीव वाचणाऱ्याच्या गळ्यात असतो. मराठीत युद्ध वाचणाऱ्यांना अजून व्यासपीठ सोडवत नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. घोडा दौडला की आवाज चढतो, तलवार निघाली की पार्श्वसंगीत, वीरमरण आलं की कंप. हे सगळं पोवाड्यात शोभतं आणि तिथं ते लागतंच. अज्ञानदासानं अफजलखानाच्या वधाचा पोवाडा रचला, तुळशीदासानं सिंहगडाचा. डफ, तुणतुणं, झीलकरी आणि समोर जमलेली माणसं, असा तो व्यवहार. आपल्याकडं युद्ध हे ऐकण्याचंच होतं, वाचण्याचं फार उशिरा झालं, आणि त्या परंपरेचा मला अभिमान आहे. पण शाहीर हजार माणसांसमोर उभा असतो. ऑडिओबुक वाचणारा एका माणसाच्या कानात बोलतो. कानात कुणी ओरडू नये. शिवाय सतत चढलेला आवाज ऐकणाऱ्याला शिकवतो की काय वाटून घ्यायचं. मजकुरात दम असेल तर तो सपाट आवाजात जास्त बसतो. आकडा वाचताना अर्धा क्षण थांबावं. गावाचं नाव नीट उच्चारावं. मेलेल्यांची संख्या आणि बैलांची संख्या एकाच संथपणे वाचावी. एवढं केलं तरी पुरे.

पॅसिफिक महासागरातल्या पेलेलिऊ आणि ओकिनावा बेटांवर लढलेल्या युजीन स्लेज या अमेरिकन मरीनच्या आठवणी जोसेफ मॅझेलो या नटानं वाचल्या आहेत. दूरचित्रमालिकेत स्लेजची भूमिका त्यानंच केली होती. नट असून त्यानं अभिनय आवरला आहे. चिखल, दुर्गंधी, भीती, सगळं तो जवळजवळ अहवालासारखं सांगतो आणि ऐकणाऱ्याचं काही चालत नाही. स्वेतलाना अलेक्सिएविच यांचं, सोव्हिएत सैन्यात लढलेल्या स्त्रियांच्या आठवणींचं पुस्तक मी बायकांच्या आवाजात ऐकलं. विमानवेधी तोफा चालवणाऱ्या, टेलिफोनच्या तारा ओढणाऱ्या, कपडे धुणाऱ्या, पाव भाजणाऱ्या. धोबीखात्यातल्या बाईला युद्धातली माणूस मानणारं ते मी ऐकलेलं पहिलं पुस्तक. त्या दिवशी बसमधून उतरून मी थेट स्टोअरला गेले आणि मालाच्या पावत्या लावणाऱ्या आमच्या दोघी मुलींशी नेहमीपेक्षा जास्त वेळ बोलत बसले.

ऐतिहासिक कादंबऱ्यांबद्दल मात्र मी कडक झाले आहे. ‘स्वामी’, ‘राऊ’, ‘पानिपत’ यांनी मराठी माणसाला अठराव्या शतकाची गोडी लावली. ते ऋण मोठं आहे आणि ते मी मानते. पण कानाला तळटीप दिसत नाही. पत्रातला मजकूर कुठं संपला आणि लेखकाची कल्पना कुठं सुरू झाली, हे छापील पानावर निदान अंदाजानं कळतं. ऐकताना बखर, अस्सल कागद आणि कादंबरी एकाच गळ्यातून, एकाच खात्रीनं उतरतात. वर्षभर ऐकणारा माणूस भाऊसाहेब असं म्हणाले होते, असं छातीठोकपणे सांगू लागतो. म्हणून कादंबरी ऐकणाऱ्यानं तिच्या जोडीला त्र्यंबक शंकर शेजवलकर यांचं ‘पानिपत : १७६१’ घरी ठेवावं. इंग्रजीत ते १९४६ मध्ये आलं, मराठीत १९६१ मध्ये.

पानिपतचंच घ्या. १४ जानेवारी १७६१ चा दिवस आपण गळा दाटून सांगतो, आणि दाटलाच पाहिजे. पण पानिपत त्या एका दिवसात हरलेलं नाही. २५ ऑक्टोबर १७६० च्या सुमाराला अब्दालीनं बागपतला यमुना ओलांडली आणि मराठे व दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला, तेव्हापासून घड्याळ सुरू झालं. सदाशिवरावभाऊंच्या छावणीत लढणाऱ्यांच्या जोडीला बायका, बाजारबुणगे, यात्रेकरू, असा प्रचंड जमाव होता. तोंडं वाढलेली आणि वाट बंद. अंतर्वेदीतून अब्दालीची रसद तोडायचं काम गोविंदपंत बुंदेल्यांकडं होतं, ते डिसेंबरात मारले गेले. दिल्लीहून खजिना घेऊन निघालेली एक तुकडी रात्रीच्या अंधारात वाट चुकली आणि नेमकी अब्दालीच्या छावणीत शिरली. हा प्रसंग मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा इंद्रायणीच्या पुलावर होते. पुढची काही मिनिटं मला काहीच ऐकू आलं नाही. अडीच महिने आत भूक वाढत गेली आणि शेवटी उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असं शिपाईच म्हणाले. अवधचा नवाब शुजा याच्या पदरी असलेल्या काशीराजानं हे नोंदवून ठेवलं आहे. विश्वासराव पडले तो क्षण नाटककारांनी सांगावा. मला ऑक्टोबर ते जानेवारी हे महिने कुणीतरी संथपणे, आठवड्यामागून आठवडा, कानात सांगायला हवे आहेत.

२०२१ मध्ये सेमीकंडक्टर चिपचा तुटवडा आला, तेव्हा आमच्या पट्ट्यात सगळं तयार असून एका इवल्याशा तुकड्यासाठी काम अडायचं. रोज सकाळी तीच मीटिंग, तेच उत्तर. त्याची तुलना पानिपतशी करणं अश्लील ठरेल. आम्ही रात्री घरी जाऊन जेवत होतो. पण बाहेरून काहीतरी येईल या आशेवर बंद जागेत दिवस मोजणं माणसाच्या स्वभावाचं काय करतं, ते मी तेव्हा जवळून बघितलं. चांगली माणसं एकमेकांवर खेकसतात. आकडे लपवतात. सप्लायरनं दिलेल्या तारखेवर विश्वास नसताना ती वहीत लिहितात. वेढ्याची पुस्तकं त्यानंतर मी अधिक समजुतीनं ऐकू लागले.

आणि हे सगळं ऐकायला लांब जायची गरज नाही, हे मला उशिरानं जाणवलं. ज्या चाकणला मी रोज जाते तिथं जुन्या गावात संग्रामदुर्ग आहे. भुईकोट. १६६० च्या जूनमध्ये शायिस्ताखान पुण्याहून निघून त्याच्यापुढं येऊन बसला. आत फिरंगोजी नरसाळा आणि थोडी माणसं. पाऊस, चिखल, भिजलेली दारू. जवळजवळ दोन महिने किल्ला पडला नाही. शेवटी मोगलांनी भुयार खणून सुरुंग लावला आणि १४ ऑगस्टला बुरूज उडवला. दुसऱ्या दिवशी किल्ला गेला. मोगलांचे २६८ ठार आणि ६०० जखमी झाले. खानानं फिरंगोजीला चाकरी देऊ केली, ती त्यानं नाकारली. आपण ही कथा शौर्याची म्हणून सांगतो आणि ती आहेच. पण खानाला चाकण हवं का होतं? कारण अहमदनगरहून पुण्याला येणारी कुमक आणि रसद इथून सुरक्षित व्हायची. चाकण तेव्हाही माल जायच्या वाटेवरचंच ठाणं होतं. आज त्या वाटांवर कंटेनर उभे असतात.

आमचा आयात माल जेएनपीटीहून बोरघाट चढून खंडाळा, तळेगाव करत येतो. डिसेंबर १७७८ मध्ये याच घाटानं इंग्रजांची फौज रघुनाथरावांना पुण्याच्या गादीवर बसवायला वर आली. माणसं सुमारे ३,९०० आणि त्यांच्याबरोबर सामानाचे बैल तब्बल १९,०००. खंडाळ्याहून तळेगावपर्यंत यायला त्यांना साधारण पंधरवडा लागला. कार्ल्याजवळ ४ जानेवारीला कॅप्टन स्टुअर्ट पडला, ज्याला आपले लोक इष्टुर फाकडा म्हणत. त्याची समाधी वडगाव मावळात आहे. ९ जानेवारी १७७९ ला ही फौज तळेगावला पोचली तेव्हा गाव ओस आणि दाणागोटा नाहीसा. महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके यांनी मोठी झुंज द्यायची घाई केली नाही. त्यांनी पुढची रसद संपवली आणि मागची तोडली. ११ तारखेच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळ्यात टाकल्या, सामान जाळलं आणि मागं फिरले. वडगावला ते घेरले गेले आणि तिथं तह झाला. बैलाच्या पायानं आणि रिकाम्या कणगीनं जिंकलेली ही लढाई. मराठ्यांच्या इतिहासात हिच्याइतकी विचारपूर्वक लढलेली मोहीम थोडीच असेल, आणि ती आमच्या औद्योगिक पट्ट्याच्या उंबरठ्यावर घडली आहे. तळेगाव एमआयडीसीत काम करणाऱ्या किती पोरांना ती कुणी सांगितली?

पिंपरी-चिंचवड तसं सैन्यानं वेढलेलंच गाव आहे. एका अंगाला दापोडीचं मिलिटरी इंजिनिअरिंग कॉलेज आणि खडकीचा १८६९ सालचा दारूगोळा कारखाना, दुसऱ्या अंगाला देहूरोडचे डेपो. पिंपरीत १९५४ मध्ये उभा राहिलेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना पेनिसिलिनसाठी होता, आणि पेनिसिलिन टनांनी बनवायला जग शिकलं ते दुसऱ्या महायुद्धात. खडकीला जखमी जवानांना हाताला काम शिकवणारी, १९१७ मध्ये सुरू झालेली क्वीन मेरीज संस्था आहे, कमरेखाली लुळ्या झालेल्या सैनिकांचं पुनर्वसन केंद्र आहे. युद्धाची पुस्तकं ऐकणाऱ्यानं एकदा खडकीच्या युद्ध दफनभूमीत जाऊन यावं. ओळीनं लावलेल्या दगडांवरची वयं वाचावीत.

आमच्या शेजारी एक सुभेदारकाका राहायचे. नोकरी सगळी ऑर्डनन्समध्ये, स्टोअरकीपर म्हणून. युद्धाबद्दल विचारलं की म्हणायचे, “पोरी, आमचं युद्ध म्हणजे रात्रभर वॅगनी भरणं. कुठल्या पेटीत काय आहे ते अंधारात हातानं ओळखायचं.” एकाहत्तरच्या डिसेंबरात एका चुकीच्या खुणेची पेटी त्यांनी गाडी सुटता सुटता उतरवून घेतली होती. पुढं ती पेटी कुठं गेली असती, कुणाच्या हातात निकामी ठरली असती, हे त्यांनी मला फार शांतपणे समजावून सांगितलं होतं. त्यांच्या घरच्यांना ही युद्धकथा वाटायची नाही. ‘बाबा सीमेवर नव्हते’, असं ते लोकांना सांगायचे. काका गेले. ते माझ्याशी बोलत असताना फोन माझ्या हातातच असायचा आणि आवाज मुद्रित करायला एक बटण पुरतं. ते मी कधी दाबलं नाही.

पहिल्या महायुद्धात जर्मनांनी बर्लिनजवळ व्युन्सडॉर्फच्या छावणीत हिंदी युद्धकैद्यांचे आवाज तबकड्यांवर घेतले. भाषाशास्त्राच्या अभ्यासासाठी. त्या तबकड्या आजही बर्लिनच्या हुंबोल्ट विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. त्यांत माल सिंग नावाचा एक पंजाबी शिपाई १९१६ मध्ये आपल्या देशाची आणि तिथल्या खाण्याची आठवण सांगतो. कैद्याला बोलायला लावलं तेव्हा तो लढाईबद्दल बोलला नाही, लोण्याबद्दल बोलला.

त्याच वर्षी मेसोपोटेमियात कूतला जी फौज उपाशी राहून शरण गेली, तिचं नावच सहावी पूना डिव्हिजन होतं. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. तिच्यात मराठा पलटणी होत्या. घोड्याचं मांस खायचं की नाही, यावर छावणीत धर्मसंकट उभं राहिलं. भाजी नाही म्हणून हिरड्या सुजल्या. विमानातून पिठाच्या गोणी टाकून बघितल्या, त्या पुरल्या नाहीत. २७० टन माल भरलेली ‘जुलनार’ बोट नदीत अडकली आणि शत्रूच्या हाती गेली. सुमारे तेरा हजार माणसं शरण गेली, त्यांतली हजारो कैदेत मेली. बंगालीत शिशिरप्रसाद सर्वाधिकारी यांनी या वेढ्याच्या आणि कैदेच्या आठवणी लिहून ठेवल्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरच्या शिपायाच्या तोंडून कूत मला अजून ऐकायला मिळालेलं नाही.

म्हणून मराठीत ऑडिओबुक काढणाऱ्यांकडं माझी मागणी आहे. नायकांच्या कादंबऱ्या पुष्कळ झाल्या. शेजवलकरांचं पानिपत पूर्ण, न कापता, तळटिपांसकट वाचून घ्या. टिपांसाठी दुसरा आवाज ठेवा. मेजर जनरल शशिकांत पित्रे यांनी बासष्टच्या पराभवावर ‘न सांगण्याजोगी गोष्ट’ लिहिली आहे, ती सैन्यात नोकरी केलेल्या माणसाच्या आवाजात आणा. वडगावची मोहीम दिवसावार सांगणारं चार तासांचं पुस्तक कुणाकडून तरी लिहवून घ्या. आणि डेपोत, रुग्णालयात, वाहनतळावर, भटारखान्यात नोकरी केलेल्या निवृत्तांना आधी बोलतं करा, कारण त्यांच्याकडं अजून कुणी गेलेलं नाही आणि त्यांची वयं झाली आहेत. संगीत घालू नका.